‘2009 पासून केळी लावतो’ हे इंग्रजीत नेमके कसे लिहावे?

केळीचे_पान (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार. रावेर तालुक्यातील आमच्या शेतकरी गटाने आखाती देशातील एका आयातदाराला परिचयपत्र पाठवायचे ठरवले आहे. मसुदा गटातील दोन पदवीधर मुलांनी तयार केला आणि त्याचे पहिलेच वाक्य ‘वुई आर ग्रोइंग बनानाज सिन्स 2009’ असे होते. गटातील एका सदस्याच्या सूनबाई जळगावला इंग्रजी शिकवतात. त्यांनी ते खोडून ‘वुई हॅव बीन ग्रोइंग बनानाज सिन्स 2009’ असे केले, आणि त्या एका दुरुस्तीवरून पारावर दोन तट पडले.

पहिल्या तटाचे म्हणणे असे की बाग आजही उभी आहे आणि मृगबागेची लागवड या घडीला सुरू आहे, तर ‘आर ग्रोइंग’ का चालू नये? उलट ‘हॅव’ वाचल्यावर काम संपल्याचा भास होतो आणि यांनी केळी सोडून कापूस धरला की काय, अशी शंका त्या व्यापाऱ्याला येऊ शकते. दुसऱ्या तटाकडे ‘नियम आहे’ यापलीकडे उत्तर नाही. मला नियमामागचे कारण हवे आहे, कारण पत्रात अशी आणखी सात-आठ वाक्ये आहेत आणि प्रत्येक वेळी सूनबाईंना फोन करणे बरे दिसत नाही.

अभ्यासिका_जळगाव

भाऊ, यात पारावर बसून वाद घालण्यासारखे काही नाही. वाक्यात ‘सिन्स’ किंवा ‘फॉर’ दिसले की डोळे मिटून ‘हॅव बीन’ किंवा ‘हॅज बीन’ लावावे आणि क्रियापदाला ‘आयएनजी’ जोडावे. निश्चित क्षण असेल तर ‘सिन्स’, कालावधी असेल तर ‘फॉर’. स्पर्धा परीक्षेत चूक ओळखण्याच्या प्रश्नात हा नियम हमखास गुण देतो.

गिरणाकाठची_शिक्षिका

वरील नियम परीक्षेपुरता उपयोगी आहे, परंतु तो अर्धाच आहे आणि डोळे मिटून तर मुळीच लावू नये. त्याच्या मर्यादांकडे नंतर वळू. आधी धागाकर्त्यांच्या मूळ शंकेबद्दल लिहिते.

मराठीत ‘आम्ही 2009 पासून केळी लावतो’ असे म्हणताना मागच्या काळाचा सगळा भार ‘पासून’ हे शब्दयोगी अव्यय उचलते, त्यामुळे क्रियापद निवांत वर्तमानकाळात राहू शकते. इंग्रजीत ‘सिन्स’ एकट्याने तो भार उचलत नाही, क्रियापदालाही आपला वाटा उचलावा लागतो. ‘आर ग्रोइंग’ हे रूप फक्त आजच्या घडीबद्दल बोलते, आणि त्याच्या पुढे ‘सिन्स 2009’ आले की क्रियापद आज सांगते व शेपूट 2009 सांगते अशी ओढाताण होते. जमिनीवर मोजपट्टी अंथरावी, तिचे एक टोक 2009 वर आणि दुसरे टोक आजवर असावे, तसे हे रूप आहे. ‘हॅव’मुळे मोजपट्टीचे दुसरे टोक आजवर टेकते, आणि ‘बीन ग्रोइंग’मुळे मधला सगळा पट्टा त्या कामाने भरलेला आहे हे कळते.

म्हणून ‘हॅव’ आले म्हणजे काम संपले, ही भीती या रूपात निराधार आहे. ‘हॅव’ने काम संपल्याचे नव्हे, तर काळ आजपर्यंत मोजल्याचे सांगितले जाते. काम खरोखर संपलेले असते तर इंग्रज माणूस ‘वुई ग्रू बनानाज फॉर टेन इयर्स’ असा साधा भूतकाळ वापरेल, आणि ते वाक्य वाचून मात्र तुमच्या व्यापाऱ्याने कापसाची चौकशी केली तर त्याला दोष देता येणार नाही.

भुसावळ_जंक्शन

शिक्षिकाताईंनी ‘पासून’वर बोट ठेवले ते योग्यच आहे. मी रेल्वेत आयुष्य काढले, त्यामुळे माझे उदाहरण फलाटावरचे आहे. ‘गाडी तासभर फलाटावर उभी आहे’, ‘प्रवासी सकाळपासून बाकावर बसला आहे’, ‘मूल दुपारपासून झोपले आहे’ ही तीन वाक्ये पाहा. यांत मराठीने ‘उभी राहते आहे’ किंवा ‘बसतो आहे’ असे म्हटलेलेच नाही. बसण्या-उठण्याच्या आणि झोपण्याच्या क्रियापदांत मराठी माणूस क्रिया झाल्यानंतरची स्थिती सांगतो. इंग्रजीत मात्र त्या स्थितीचेही ‘आयएनजी’च होते: ‘द ट्रेन हॅज बीन स्टँडिंग’, ‘द पॅसेंजर हॅज बीन सिटिंग’, ‘द चाइल्ड हॅज बीन स्लीपिंग’. आमच्याकडे नव्याने लागलेली मुले ‘द ट्रेन इज स्टुड सिन्स वन अवर’ असे लिहीत, आणि त्यामागे आळस नसे. मराठी वाक्य तसे होते म्हणून इंग्रजी तसे उतरत असे.

दुसरी गफलत ‘हॅज बीन’ नंतर काय येते याची आहे. ‘द ट्रेन हॅज बीन डिटेन्ड’ म्हणजे गाडीला कुणीतरी रोखून धरले आहे. तो कर्मणी प्रयोग झाला. ‘द ट्रेन हॅज बीन वेटिंग’ म्हणजे गाडी स्वतः वाट पाहत आहे. दोन्हींत ‘हॅज बीन’ आहे, पण पुढच्या शब्दाच्या शेपटीवरून दोष कोणाकडे जातो ते ठरते, आणि रेल्वेत दोष कोणाकडे जातो याला फार महत्त्व असते.

सातपुडा_पायथा

सरकारी कचेरीत जन्म घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला एकच वाक्य बिनचूक येते: ‘द मॅटर हॅज बीन पेंडिंग सिन्स लाँग.’

गिरणाकाठची_शिक्षिका

@सातपुडा_पायथा, नाना, हसवलेत. पण त्या वाक्यातही दोन गमती आहेत. ‘पेंडिंग’ला ‘आयएनजी’ असले तरी तेथे ते क्रियापदाचे चालू रूप नसून विशेषण आहे, जसे ‘द मॅटर हॅज बीन क्लिअर’ मधील ‘क्लिअर’. प्रकरण तेथे काहीही करत नाही, नुसते पडून असते. आणि ‘सिन्स लाँग’ हा आपला देशी प्रयोग आहे. प्रमाण इंग्रजीत ‘फॉर अ लाँग टाइम’ म्हणतात.

सातपुडा_पायथा

प्रकरण काहीही करत नाही, हे मी लेखी द्यायला तयार आहे.

राइनकाठचा_खान्देशी

मी मूळचा अमळनेरचा, सध्या नोकरीनिमित्त जर्मनीत आहे. येथे माझे निरीक्षण असे आहे की ही अडचण आपल्या एकट्याची नाही. जर्मन माणूस ‘इख वोने झाइट 2009 हिअर’ असे म्हणतो. त्याचे शब्दशः मराठी ‘मी 2009 पासून येथे राहतो’ असेच होते आणि क्रियापद साधा वर्तमानकाळ असते. फ्रेंच लोकही ‘देप्वी’ हा शब्द लावून वर्तमानकाळच वापरतात. त्यामुळे माझे जर्मन सहकारी इंग्रजीत बोलताना ‘आय लिव्ह हिअर सिन्स 2009’ असे सर्रास म्हणतात आणि बैठक सुरळीत चालू राहते. मराठी, हिंदी, जर्मन आणि फ्रेंच एका बाजूला आणि इंग्रजी दुसऱ्या बाजूला असे चित्र असताना चूक नेमकी कोणाची म्हणावी, असा प्रश्न मला पडतो. ‘वुई आर ग्रोइंग सिन्स’ हा भारतीय इंग्रजीचा रूढ प्रयोग आहे, आणि कोट्यवधी लोक जे बोलतात त्याला चूक म्हणत राहणे मला पटत नाही.

जुने_फळा_खडू

आदरपूर्वक असहमत. राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आली. आमच्या पिढीला ती पाचवीत भेटली, आणि ज्या शिक्षकांनी ती शिकवली त्यांनी हा प्रयोग लाल शाईने खोडण्यात हयात घालवली. लोक बोलतात म्हणून ते बरोबर, हे तत्त्व मान्य केले तर शिकवायचे तरी काय? जर्मन सहकारी चुकतो म्हणून आपण चुकावे हा युक्तिवाद तर वर्गातल्या बाकावरचा झाला.

राइनकाठचा_खान्देशी

सर, मी चुकण्याचा परवाना मागत नाही. बोलण्यात अर्थ पोहोचतो एवढेच म्हणतो.

गिरणाकाठची_शिक्षिका

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, मात्र निकाल प्रसंगानुसार लागतो. भारतीय इंग्रजीत चालू काळाचा वापर अधिक सैल आहे, याची नोंद भाषाअभ्यासकांनी केलेली आहे. ‘आय अॅम नोइंग हिम’, ‘आय अॅम हॅविंग टू ब्रदर्स’ हे त्याचेच भाऊबंद आहेत. पुण्याच्या किंवा चेन्नईच्या माणसाशी बोलताना ‘आर ग्रोइंग सिन्स’ने काहीही बिघडत नाही. पण या धाग्यातील वाक्य अनोळखी परदेशी खरेदीदाराला जाणारे आहे, आणि तो पत्राच्या पहिल्या ओळीवरूनच गटाच्या काटेकोरपणाचा अंदाज बांधणार आहे. ज्या पत्रात पुढे घडाचे वजन आणि फळांची प्रतवारी काटेकोर सांगायची आहे, तेथे पहिले वाक्यही काटेकोर असावे. माझे मत सूनबाईंच्या बाजूने आहे.

अभ्यासिका_जळगाव

ताई, माझा नियम अर्धा आहे असे आपण म्हणालात आणि नंतर विषय दुसरीकडे गेला. उरलेला अर्धा कृपया सांगावा. आमच्या अभ्यासिकेतील सगळेच हा धागा वाचत आहेत.

गिरणाकाठची_शिक्षिका

अवश्य. पहिली अडचण क्रियापदाच्या स्वभावाची आहे. ‘मी त्यांना दहा वर्षांपासून ओळखतो’ याचे ‘आय हॅव बीन नोइंग’ होत नाही, ‘आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स’ होते. ‘आमच्याकडे 2012 पासून ट्रॅक्टर आहे’ याचे ‘हॅव बीन हॅविंग’ होत नाही, ‘वुई हॅव हॅड अ ट्रॅक्टर सिन्स 2012’ होते. ओळखणे, मालकी असणे, आवडणे, विश्वास असणे या स्थिती आहेत. त्यांत माणूस क्षणोक्षणी काही करत नसतो, म्हणून त्यांना ‘आयएनजी’ सहसा मानवत नाही. ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ दोन्ही हजर असूनही तुमचा नियम येथे तुम्हाला खड्ड्यात घालतो, आणि प्रश्न काढणाऱ्याला हे चांगले ठाऊक असते.

दुसरी अडचण मोजणीची. ‘मी सकाळपासून फोन करतो आहे’ याचे ‘आय हॅव बीन कॉलिंग यू सिन्स मॉर्निंग’ होते, परंतु ‘मी सकाळपासून तीन वेळा फोन केला’ याचे ‘आय हॅव कॉल्ड यू थ्री टाइम्स’ होते. किती वेळा, किती नग, किती पाने हे सांगितले की लक्ष पूर्ण झालेल्या कामाकडे जाते आणि चालू रूप गळून पडते. तिसरी गोष्ट अशी की ‘सिन्स’चा अर्थ ‘ज्याअर्थी’ असाही होतो. ‘सिन्स ही इज इल, ही विल नॉट कम’ या वाक्यात काळाचा संबंधच नाही. डोळे मिटून ‘हॅज बीन’ लावणाऱ्याने तेथे काय करावे?

अभ्यासिका_जळगाव

डोळे उघडले. ‘इट इज टू इयर्स सिन्स ही लेफ्ट’ असे एक वाक्य मागच्या सरावपत्रिकेत होते आणि आम्ही सगळ्यांनी त्यातील ‘इज’ला चूक ठरवले होते. ते बरोबर आहे का?

जुने_फळा_खडू

बरोबर आहे, आणि जुन्या पुस्तकांत तेच रूप पहिल्या पसंतीचे मानलेले आढळते. ‘इट हॅज बीन टू इयर्स सिन्स ही लेफ्ट’ हेही चालते. ‘सिन्स’च्या पुढे घटना आली की त्या घटनेचे क्रियापद साध्या भूतकाळात ठेवावे एवढे लक्षात असू द्यावे. ‘सिन्स ही हॅज लेफ्ट’ असे लिहिलेले पाहिले की माझा हात अजूनही लाल पेनाकडे जातो.

यावलची_लेक

येथे सगळे ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ यांच्याभोवतीच फिरत आहेत, म्हणून एक वेगळी शंका विचारते. माझा मुलगा सहावीत आहे. त्याच्या गृहपाठात ‘युवर क्लोद्ज आर डर्टी. व्हॉट हॅव यू बीन डूइंग?’ असे वाक्य आहे. यात ‘सिन्स’ नाही, ‘फॉर’ नाही, आणि काम तर संपलेलेही दिसते, कारण मूल समोर येऊन उभे आहे. मग हे रूप आले कोठून? मराठीत मी ‘काय करत होतास?’ असे विचारेन, म्हणजे चक्क भूतकाळ.

गिरणाकाठची_शिक्षिका

ताई, या धाग्यावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि तुमच्या घरातच त्याचे उत्तर असावे. केळीचे घड कापून आलेल्या माणसाच्या सदऱ्यावर चिकाचे डाग पडलेले असतात. कापणी थांबलेली असते, पण डाग समोर दिसत असतात. तुम्ही ‘काय करत होतास?’ असे विचारता तेव्हा मराठी तुम्हाला भूतकाळात नेते. इंग्रजीत त्या डागांवर बोट ठेवून विचारायचे असेल तर ‘हॅव यू बीन कटिंग बनानाज?’ असे विचारतात. काम नुकतेच थांबले आहे आणि त्याची खूण आत्ता हजर आहे, एवढे या रूपाला पुरते. कालावधी सांगणे सक्तीचे नाही. जमीन ओली दिसली आणि आकाश मोकळे असले तरी ‘इट हॅज बीन रेनिंग’ म्हणतात. डोळे लाल दिसले तर ‘हॅव यू बीन क्राइंग?’ असे विचारतात.

येथे मला एक ठाम मत नोंदवायचे आहे. आपल्या वर्गांतून हा काळ ‘करत आहे’ असा एकच मराठी साचा देऊन शिकवला जातो आणि सगळा गोंधळ तेथून सुरू होतो. मराठी या एका इंग्रजी रूपाचे काम चार ठिकाणी वाटून देते. काम अजून सुरू असेल तर वर्तमानकाळ येतो: ‘सकाळपासून पाऊस पडतो आहे.’ नुकतेच थांबले असेल आणि खूण उरली असेल तर ‘पाऊस पडत होता का?’ असा भूतकाळ येतो. भुसावळच्या काकांनी सांगितलेल्या बसणे-उभे राहणे या प्रकारात ‘बसला आहे’ येते. आणि पिढ्यान्‌पिढ्या, पुनःपुन्हा घडत आलेल्या कामासाठी ‘आम्ही केळी लावत आलो आहोत’ अशी चौथी रचना आहे. विद्यार्थ्याला हे चारही रस्ते दाखवले नाहीत, तर तो इंग्रजी वाक्य ओळखेल, पण स्वतःहून कधी वापरणार नाही.

यावलची_लेक

आता समजले. मुलाला गृहपाठाचे उत्तर मी चिकाच्याच उदाहरणाने सांगितले, कारण चिखलात खेळल्याचे तो कबूल करायला तयार नव्हता.

धुळ्याचा_वाचक

शिक्षिकाताईंच्या चार रस्त्यांना मी एक पाचवी पाऊलवाट जोडतो. आमच्या अहिराणीत ‘काय करी राहिना भाऊ?’ असे विचारतात. यात ‘राहणे’ हे क्रियापद मदतीला येते, हिंदीतील ‘कर रहा है’ प्रमाणे. अहिराणी बोलणाऱ्या मुलांना चालू काळाची ओळख लवकर पटते असा माझा शिकवणीतील अनुभव आहे. मात्र ‘हॅव बीन’च्या ठिकाणी तीही अडखळतात, कारण ‘राहिना’सुद्धा आजचीच गोष्ट सांगते. कालपासूनची लांबी तेथेही वेगळ्या शब्दाने जोडावी लागते.

जुने_फळा_खडू

घरी बोली बोलणारी मुले इंग्रजीत जास्त चुकतात, असे म्हणणारेही मी ऐकले आहेत.

धुळ्याचा_वाचक

ऐकले मीही आहे, पण ते पटणारे नाही. वर जी चूक चर्चेत आहे ती अस्सल प्रमाण मराठी बोलणाऱ्या घरांतून आणि वरच्या पोस्टनुसार जर्मन कार्यालयांतूनही होते. तिचे खापर बोलीवर फोडण्याचे कारण नाही.

राइनकाठचा_खान्देशी

+1. जर्मनीकडून साक्ष द्यायला मी हजर आहे.

भुसावळ_जंक्शन

‘सिन्स’ आणि ‘फॉर’ यांच्या गोंधळावर एक घरगुती उपाय सुचवतो. मराठीत ‘2009 पासून’ आणि ‘पंधरा वर्षांपासून’ या दोन्हींना ‘पासून’च लागते, म्हणून आपण ‘सिन्स फिफ्टीन इयर्स’ असे लिहून मोकळे होतो. वाक्य इंग्रजीत नेण्याआधी मनात ‘पासून’च्या जागी ‘गेली’ घालून पाहावे. ‘गेली पंधरा वर्षे’ म्हणता येते, तेथे ‘फॉर’ येते. ‘गेली 2009’ म्हणता येत नाही, तेथे ‘सिन्स’ येते. ही चाचणी मी नव्या मुलांना देत असे आणि ती सहसा फसत नसे.

अभ्यासिका_जळगाव

काका, ही चाचणी आमच्या फळ्यावर गेली.

कान्हदेश_इतिहास

थोडे विषयांतर करतो, पण विषयाच्या कुंपणाबाहेर जाणार नाही. हे रूप इंग्रजीत अलीकडचे आहे असा अनेकांचा समज असतो. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज कवी चॉसरने लिहिलेल्या सरदाराच्या कथेत काही विधवा स्त्रिया ड्यूक थीसियसला अडवून आपली कैफियत सांगतात आणि या देवळात आम्ही पंधरवडाभर वाट पाहत आहोत असे म्हणतात. तेथे जुन्या वर्णलेखनात ‘हॅव बीन वेटिंग’चेच रूप आलेले आहे. म्हणजे सहाशे वर्षांपूर्वीही कालावधी, वाट पाहणे आणि तक्रार हे तिन्ही घटक एकत्र आले की इंग्रजी माणसाला हेच रूप सुचत होते. या रूपाला तक्रारीचा सूर चांगला शोभतो, हे माझे निरीक्षण आहे. ‘आय हॅव वेटेड’ यापेक्षा ‘आय हॅव बीन वेटिंग’मध्ये त्रागा अधिक जाणवतो.

सातपुडा_पायथा

त्या बायांचे प्रकरणही पेंडिंगच असणार.

केळीचे_पान (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. आज सायंकाळी गटाच्या बैठकीत मोबाइलवरून हा धागा वाचून दाखवला. ‘काळ आजपर्यंत मोजलेला आहे, काम संपलेले नाही’ हे ऐकल्यावर पहिल्या तटाने माघार घेतली आणि ‘वुई हॅव बीन ग्रोइंग’ कायम झाले. आता पुढील वाक्यांबद्दल विचारतो. ‘आम्ही चार हंगामांत अनेक कंटेनर पाठवले आहेत’, ‘आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या केळी पिकवली जात आहे’, ‘आमच्याकडे ठिबक सिंचन आहे’, ‘तीन वर्षांपासून आमच्या मालाबद्दल एकही तक्रार आलेली नाही’ आणि ‘जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे’ ही वाक्ये आहेत. मुलांनी यांतील प्रत्येकात ‘हॅव बीन’ घालून ठेवले आहे, कारण आता त्यांना ते फार आवडू लागले आहे.

गिरणाकाठची_शिक्षिका

मुलांच्या उत्साहाचे कौतुक आहे, पण पाचांपैकी एकाही वाक्यात चालू रूप नको. कंटेनर मोजले जातात, म्हणून ‘वुई हॅव शिप्ड’. ठिबक ही तुमच्याकडे असलेली वस्तू आहे आणि वाक्यात कालावधी नाही, म्हणून साधे ‘वुई हॅव ड्रिप इरिगेशन’, किंवा ‘वुई यूज’. मानांकनाच्या वाक्यात 2016 हे साल आले आहे. निश्चित भूतकालीन वेळ सांगितली की ‘हॅव’ मुळीच चालत नाही, म्हणून ‘जळगाव बनाना रिसीव्हड’ असा साधा भूतकाळ घ्यावा. साल गाळले तर ‘हॅज रिसीव्हड’ शक्य आहे.

तक्रारीच्या वाक्याबद्दल थोडे अधिक लिहिते. ‘तीन वर्षांपासून तक्रार आलेली नाही’ या नकारार्थी वाक्यात मराठीनेही ‘येत नाही’ न म्हणता ‘आलेली नाही’ असे पूर्ण रूप घेतले आहे. येथे मराठी आणि इंग्रजी हातात हात घालून चालतात: ‘वुई हॅव नॉट रिसीव्हड अ सिंगल कम्प्लेंट फॉर थ्री इयर्स.’ ‘महिनाभर पाऊस पडलेला नाही’ हेही असेच ‘इट हॅज नॉट रेन्ड फॉर अ मंथ’ होते. जी गोष्ट घडलीच नाही ती चालू कशी दाखवणार?

जुने_फळा_खडू

‘पिढ्यान्‌पिढ्या केळी पिकवली जात आहे’ हे वाक्य ताईंकडून राहिले. ते कर्मणी आहे. नियमाने पाहिले तर ‘हॅव बीन बीइंग ग्रोन’ असे रूप तयार होते आणि ते व्याकरणात बसतेही. पण ‘बीन बीइंग’ ही जोडी कानाला इतकी खटकते की चांगले लेखक तिच्या वाटेला जात नाहीत. अगदी साधे ‘इज बीइंग बिल्ट’ हे रूपही अठराव्या शतकाच्या अखेरीस रुळू लागले, आणि एकोणिसाव्या शतकात त्यावर विद्वानांनी आगपाखड केली होती. तेव्हा ‘बनानाज हॅव बीन ग्रोन हिअर फॉर जनरेशन्स’ एवढे पुरेसे आहे. पिकवणारे कोण ते सांगायचे असेल तर कर्तरी करावे: ‘अवर फॅमिलीज हॅव बीन ग्रोइंग बनानाज फॉर जनरेशन्स.’ मला हे दुसरे अधिक आवडते, कारण त्यात शेतकरी दिसतो.

राइनकाठचा_खान्देशी

सरांशी प्रथमच शंभर टक्के सहमत. मात्र एका बारकाव्यावर मत हवे आहे. ‘वुई हॅव ग्रोन बनानाज सिन्स 2009’ असे लिहिले तर ते चूक आहे काय? मी येथे इंग्रज सहकाऱ्यांकडून ‘आय हॅव लिव्हड हिअर’ आणि ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर’ ही दोन्ही रूपे ऐकतो.

गिरणाकाठची_शिक्षिका

चूक नाही. राहणे, काम करणे, शिकवणे, पिकवणे अशा दीर्घ चालणाऱ्या क्रियापदांत दोन्ही रूपे बरोबर असतात आणि अर्थात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो छटेचा. चालू रूपात काम आजही हलते आहे, घडते आहे ही जाणीव अधिक असते, आणि थोडी तात्पुरतेपणाचीही छटा असते. म्हणून ‘किल्ला शतकानुशतके टेकडीवर उभा आहे’ याचे ‘द फोर्ट हॅज स्टुड’ होते, तर काकांच्या गाडीचे ‘हॅज बीन स्टँडिंग’, कारण गाडी कधीतरी हलेल अशी आशा असते.

भुसावळ_जंक्शन

आशा असते, एवढेच आम्हीही प्रवाशांना सांगत असू.

केळीचे_पान (धागाकर्ता)

सगळ्या दुरुस्त्या करून मसुदा सूनबाईंकडे अंतिम नजरेसाठी पाठवला आहे. एक शेवटची विचारणा. पत्रानंतर त्यांचा फोन येईल, आणि बोलण्याची जबाबदारी माझ्यावर टाकली आहे. ते हा कालावधी विचारतील तेव्हा प्रश्न कसा असेल, आणि फोनवर एवढे लांब वाक्य जुळवताना अडखळलो तर काय करावे?

गिरणाकाठची_शिक्षिका

प्रश्न बहुधा ‘हाउ लाँग हॅव यू बीन ग्रोइंग बनानाज?’ असा असेल. बोलताना ‘हॅव यू’ जवळजवळ गिळले जाते आणि ‘बीन’चे कित्येकदा ‘बिन’ होते, म्हणून ‘हाउ लाँग’ आणि ‘ग्रोइंग’ या दोन शब्दांवर कान ठेवावा. उत्तरात पूर्ण वाक्य देण्याची गरज नाही. ‘सिन्स 2009’ एवढे म्हटले तरी ते संपूर्ण आणि शिष्टसंमत उत्तर आहे, कारण क्रियापदाचे ओझे प्रश्नानेच उचललेले असते.

मात्र तुम्ही त्यांना उलट विचाराल, ‘तुम्ही केव्हापासून आयात करता?’, तेव्हा शब्दशः ‘सिन्स व्हेन’ने सुरुवात करू नका. इंग्रजीत त्या शब्दांना ‘हे कधीपासून बुवा?’ असा संशयाचा सूर येतो आणि समोरचा विनाकारण बिचकेल. ‘हाउ लाँग हॅव यू बीन इंपोर्टिंग?’ असेच विचारावे.